बरक्याच्या मळ्यावरची पाटी

जुलै महिन्यात एका सकाळी मी चहाचा कप उचलला आणि तो बशीवर वाजला. खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा वाजला. खोलीतला माझा सोबती बेसिनपाशी दात घासत होता, त्याने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी चहा स्टीलच्या पेल्यातून, दोन्ही हातांनी धरून प्यायला लागलो. कुणी विचारलंच तर एसीने बोटं गारठतात असं सांगायचं ठरवलं होतं. कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या कुणाचा हात थरथरला असता तर एवढं काही बिघडलं नसतं. पण मी पेंटर. पाट्या लिहिणं हा माझा धंदा. सावंतवाडीजवळच्या आमच्या गावात वडिलांची गणपतीची शाळा होती. जूनपासून घरात माती मळली जायची. मूर्ती घडवायला चार हात असायचे, पण डोळ्यांची आखणी फक्त वडील करायचे. श्वास रोखून एक रेघ, बस्स. तिथेच माझा हात तयार झाला. चोविसाव्या वर्षी मस्कतला आलो तो त्या हाताच्या जिवावर.

इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात अरबी पाटी पुढ्यात आली. मला अरबीचं एक अक्षर येत नव्हतं. दुकानातल्या माणसाने कागदावर नमुना लिहून दिला आणि मी तो चित्र काढावं तसा पत्र्यावर काढला. अर्बाबने, म्हणजे दुकानाच्या ओमानी मालकाने, लांबून पाहिलं, जवळून पाहिलं आणि खांद्यावर थाप मारली. तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं मी तेच करत आलोय. न्हाव्याची दुकानं, बेकऱ्या, टायरवाले, शिंपी, औषधांची दुकानं. मस्कतपासून सूरपर्यंत माझं अक्षर लटकलेलं होतं आणि त्यातलं मला काहीही वाचता येत नव्हतं. मग फ्लेक्स आलं, त्यामागून कापून चिकटवायची अक्षरं आली. आमचं दुकान शहरातल्या रुवीतून बाहेर अल अमेरातला मोठ्या शेडमध्ये गेलं. तिथे दोन मशिनं आहेत आणि मी. मशिनातून निघालेली अक्षरं काचेवर सरळ चिकटवणं हे माझं काम. त्याला फार स्थिर हात लागत नाही. म्हणून तर जुलै ते ऑक्टोबर माझं लपून गेलं.

ऑक्टोबर उजाडला की मस्कतचं माणूस दार उघडून बाहेर येतं. चार-पाच महिने बंद असलेल्या खिडक्या उघडतात, समुद्राकाठच्या कॉर्निशवर पोरं सायकली काढतात, बाजारात जबल अख्दर डोंगरावरच्या डाळिंबांचे ढीग लागतात. माझा सोबती एसी दुरुस्त करतो, देवगडचा आहे. ऑक्टोबर लागला की तो शुक्रवारी दुपारपर्यंत झोपतो. मला मात्र खोलीत बसवेना. बसलो की नजर हाताकडे जायची. मांडीवर ठेवलेला हात गप्प असायचा, पण काही धरायला गेला की अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट असं हलायचं, जणू कुणी बारीक दोरीने ओढतंय. म्हणून शुक्रवारी सकाळीच मी बाहेर पडायचो. कधी मत्रहच्या मासळीबाजारात, कधी सीबच्या बाजारात. काही घ्यायचं नसायचं. सुरमई बघायची, डाळिंबं हातात घेऊन ठेवायची, चालत राहायचं. बायकोचा व्हिडिओ कॉल आला की मी चालता चालताच बोलायचो. ती म्हणायची, "खंय धावतास?" मी म्हणायचो, "बाजारात."

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात अर्बाबने मला बोलावलं. बरका नावाच्या गावात कुणा बाईचा मळा आहे, तिला भिंतीवर हाताने लिहून हवं आहे, असं म्हणाला. फ्लेक्स नको, वाऱ्याने फडफडतं आणि शेळ्या बुजतात. "उस्ताद, ये तुम्हारा काम है. फ्रायडे को जाओ, इन्शाल्ला एक दिन में खलास."

मला नाही म्हणता आलं असतं. हो म्हणालो, कारण नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

सोबत्याने त्याच्या पिकअपमधून सोडायचं कबूल केलं. गावाचं नाव ऐकल्यावर तो खोखो हसला. आमच्या कोकणात मऊ गऱ्याच्या फणसाला बरका म्हणतात आणि कडक गऱ्याच्याला कापा. "बरक्यात चल्लंस? मगे कापो खंय रवलो?" हा विनोद त्याने तासाभराच्या रस्त्यात चार वेळा केला. मी खिडकीबाहेर बघत होतो. मांडीखाली हात दाबून ठेवला होता.

मळा समुद्रापासून फार लांब नव्हता. पुढे खजुराची झाडं, त्यांच्या सावलीत शेळ्यांचा गोठा, मागे विहीर, आणि तिच्यापलीकडे लाल भोपळ्यांचे वेल जमीन दिसणार नाही असे पसरलेले. पिवळी फुलं अजून येत होती, पण पानांखाली हिरवे, नारळाएवढे भोपळे बसले होते. मालकीणबाई सत्तरीच्या आसपासच्या, काळा अबाया, पायात रबरी चपला, हातात एक लांब खिळा. त्यांचं बालपण मत्रहला भारतीय व्यापाऱ्यांच्या शेजारात गेलेलं, त्यामुळे हिंदी आमच्यापेक्षा बरं. त्यांचं बोलणं मी इथे मराठीतच सांगतो. सगळे त्यांना उम्मी म्हणायचे, म्हणजे आई. मीही तेच म्हणायला लागलो.

त्या खिळ्याने उम्मी कोवळ्या भोपळ्यांवर अक्षरं कोरत होत्या. सालीवर नुसता ओरखडा, खोल नाही. मी विचारलं, हे कशासाठी.

"भोपळा मोठा होतो तसं अक्षरही मोठं होतं," त्या म्हणाल्या. "जखम भरते आणि वर येते. नोव्हेंबरात मस्कतहून मुलं येतील. ज्याच्या नावाचं जे पहिलं अक्षर, त्याने तो भोपळा शोधायचा आणि तोडायचा."

मळा कुटुंबांसाठी खुला करायचा, लोकांनी वेलीवरून आपल्या हाताने भोपळा तोडून न्यायचा, ही त्यांची स्वतःची कल्पना होती. रस्त्याकडेच्या पांढऱ्या भिंतीवर मोठं चित्र आणि वर अरबीत 'भोपळ्यांचा मळा' एवढंच लिहायचं होतं. त्यांनी वहीच्या कागदावर मला ते लिहून दिलं. वळण इतकं स्वच्छ की मी कागद बराच वेळ बघत राहिलो.

सुरुवात करण्याआधी कॉफी. ओमानी कॉफी लहानशा बिनकानाच्या कपात घोटभरच ओततात, उजव्या हातात घ्यायची असते, संपली की पुन्हा ओततात. मी कप घेतला, प्यालो, पुढे केला. कप हलला. उम्मींनी किटली मागे घेतली आणि खजुराचं ताट पुढे सरकवलं. मला अजून हवी होती, सकाळपासून पोटात काही नव्हतं. पण इथे कप हलवला म्हणजे 'पुरे' असा त्याचा अर्थ होतो, हे मला अठ्ठावीस वर्षांत चांगलं ठाऊक होतं. मी खजूर खाल्ला आणि शिडीकडे गेलो.

चित्राला त्रास झाला नाही. भोपळ्याच्या रेघा वाकड्या गेल्या तरी भोपळाच दिसतो. पानं, वेल, वेलीचे ताणे, सगळं भराभर झालं. घाम फुटला तो अक्षरांच्या वेळी. मी सूत मारून दोन रेषा आखल्या, मनगटाखाली टेकायला काठी घेतली आणि डावीकडून सुरुवात केली.

खाली खाटेवर उम्मी बसल्या होत्या. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला. "उस्ताद, तू शेपटीकडून का सुरू करतोस?"

"मग कुठून करू?"

"उजवीकडून. आम्ही उजवीकडून लिहितो."

"मला डावीकडून हात चांगला बसतो, उम्मी."

त्या उठून शिडीपाशी आल्या. "तुला हे वाचता येतं?"

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ज्याला लिहिता येतं त्याला वाचता येतं असंच लोक धरून चालतात. मी म्हणालो, "नाही."

"हे अक्षर कुठलं, माहीत आहे?"

"नाव माहीत नाही. मी त्याला विळा म्हणतो. आणि हे हूक. ही गाठ."

मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. "मी छत्तीस वर्षं पहिलीच्या मुलांना अक्षरं शिकवली," त्या म्हणाल्या. "तुझ्याइतकं सुंदर एकाही मुलाने लिहिलं नाही. पण वाचायला आल्याशिवाय एकही मूल माझ्या वर्गातून वर गेलं नाही."

मी ब्रश बुडवला आणि पुढे लिहायला लागलो. दुपारनंतर त्या नमाजासाठी आत गेल्या. शेवटी ठिपके राहिले. अरबीत ठिपका म्हणजे तिरका चौकोन, चारही कोन धारदार लागतात. पहिला ठिपका तीन वेळा पुसला. चौथ्या वेळी कसाबसा झाला, बाकीचे त्याच्यामागोमाग उरकले. एवढ्यात सोबत्याने रस्त्यावरून हॉर्न द्यायला सुरुवात केली. त्याला अंधाराच्या आत परत जायचं होतं. मी लांब जाऊन अक्षरं पाहिली. शब्द ओळखीचा वाटला, शेकडो वेळा लिहिल्यासारखा. डबे बंद केले, उम्मींना दारातूनच सलाम केला आणि सुटलो.

रविवारी शेडमध्ये अर्बाब फोनवर बोलत बोलत माझ्यापर्यंत आला. फोन ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "उस्ताद, बरक्याच्या उम्मीने नवी शाखा उघडली. बँकेची आहे की बेकरीची?"

झालं होतं असं की अरबीत एका अक्षरावर दोन ठिपके दिले की शब्द होतो भोपळा, आणि एकच दिला की होतो शाखा. 'शाखा' हा शब्द मी आयुष्यभर दुकानांच्या पाट्यांवर लिहीत आलो होतो. एका ठिपक्यावर हात आपोआप थांबला होता. आता बरक्याच्या रस्त्यावर दोन फुटी अक्षरांत 'शाखेचा मळा' लिहिलेलं होतं आणि खाली सात भोपळे काढलेले होते.

मशिनवरची पोरं हसली. मीही हसलो. जेवणाच्या सुट्टीत शेडमागे जाऊन उभा राहिलो आणि डोंगराकडे बघत राहिलो. चूक हाताची नव्हती, हे मला कळत होतं. ठिपका थरथरला नव्हता, तो दिलाच नव्हता. तरी मनात एकच गोष्ट फिरत होती, की आता सगळ्यांना कळणार. जेवण गेलं नाही. आठवडाभर मी एका जागी दहा मिनिटं बसलो नसेन. येत्या शुक्रवारी जाऊन दुरुस्त करून ये, असं अर्बाबने सांगितलं होतं. शुक्रवार आला तेव्हा मी सोबत्याला म्हणालो, आज नको, मला काम आहे. आणि चालत मत्रहच्या दिशेने निघालो.

बाजारात शिरलो, दुसऱ्या टोकाने बाहेर आलो, पुन्हा शिरलो. धुपाचा वास, चांदीचे खंजीर, काश्मिरी शालवाले पर्यटकांना हाका मारत होते. मला पाहून कुणी हाक मारत नाही, मी कामगार दिसतो. कॉर्निशच्या मागच्या गल्लीत एका जुन्या घराचं दार उघडं होतं आणि आत गार वाटत होतं. म्हणून गेलो. आत स्थानिक चित्रकारांचं प्रदर्शन होतं. मातीच्या धूपदाण्या, खजुराच्या पातीच्या टोपल्या, भिंतींवर किल्ले, उंट, समुद्र. सुलेखनाची एक मोठी चौकट होती. तिच्यासमोर मी नेहमीप्रमाणे रेघेची जाडी बघत उभा राहिलो. अर्थ सोडून मला सगळं दिसत होतं.

पुढच्या खोलीत एका ओमानी बाईने काढलेली मत्रहच्या जुन्या गल्ल्यांची तैलचित्रं होती. तिसऱ्या चित्रापाशी माझे पाय थांबले. अरुंद गल्ली, बंद दार, वीजमीटरची पेटी, वर निळी पाटी आणि पाटीवर पांढरी अक्षरं. ती पाटी माझी होती.

शंका घ्यायला जागाच नव्हती. त्या काळी मला एका अक्षराची शेपूट जरा जास्त वर उचलायची खोड होती, गणपतीच्या भुवईसारखी. ती शेपूट तशीच होती. उजव्या कोपऱ्यात निळ्या रंगाचा एक ओघळ राहून गेला होता, तोही त्या बाईने काढला होता. ते शिंप्याचं दुकान होतं. मी पाटी लिहिली तेव्हा शिंप्याने मला दारात स्टूल दिलं होतं आणि मध्येच सरबत पाजलं होतं. दुकान कधीच बंद झालं, पाटीही गेली असणार. आणि इथे ती चौकटीत बसली होती.

टेबलापाशी बसलेल्या मुलीला मी हिंदीत म्हणालो, "ये मेरा है."

तिला वाटलं मला चित्र घ्यायचंय. ती यादी उघडायला लागली. मी मान हलवली, पाटीकडे बोट दाखवलं, हवेत ब्रश फिरवून दाखवला. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा चित्राकडे. मी हात चटकन खिशात घातला. मग एकदम विचारलं, "इस पे क्या लिखा है?"

मुलगी गोंधळली. ज्याने लिहिलं तोच विचारतोय. तरी तिने वाचलं, अरबीत आणि मग इंग्रजीत. शिवणकाम एवढं मला माहीत होतं. त्याच्या आधीचा शब्द होता 'वसंत'. वसंत टेलर्स. आमच्या गावात असतं तसंच नाव.

बाहेर आलो. समुद्रावरून वारा येत होता. मला आनंद व्हायला हवा होता आणि थोडा झालाही, पण त्याहून जास्त चिडचिड झाली. अठ्ठावीस वर्षं मी लोकांच्या दारांवर काय काय लिहून ठेवलं होतं? कुठे वसंत, कुठे काय. त्या शिंप्याने सरबत देताना दुकानाचं हे नाव का ठेवलं ते सांगितलंही असेल. मी शेपटीकडे बघत बसलो असणार.

तसाच रुवीला परतलो, खोलीतून छोटा डबा आणि दोन ब्रश घेतले आणि बस पकडली. सोबत्याने विचारलं, "अरे, काम होता ना?" मी म्हणालो, "झाला." बरक्याच्या फाट्यावरून टॅक्सी केली. ऊन उतरायला लागलं होतं. उम्मी वेलींमध्ये वाकून कुजकी पानं काढत होत्या. मला बघून त्या म्हणाल्या, "आलास? आज दोन माणसं थांबून विचारून गेली, कशाची शाखा म्हणून. एकाला मी भोपळा देऊन पाठवलं."

शिडी लावली. दुसरा ठिपका द्यायला पाच मिनिटंही लागायला नकोत. मला अर्धा तास लागला. ब्रश भिंतीपाशी नेला की तो नाचायचा, मी मागे घ्यायचो. खाली उम्मी उभ्या आहेत हे विसरलो होतो. शेवटी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि ठिपका टेकवला. शेजारच्यापेक्षा बोटभर वर बसला. मी तसाच ठेवला आणि खाली उतरलो.

त्यांनी मला खाटेवर बसवलं, कॉफी ओतली, कप माझ्या हातात दिला आणि माझ्या बोटांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी तुला अजून हवी होती ना?"

माझी नुसती मान हलली.

"आणि मी किटली उचलून नेली. भुकेल्या पाहुण्यापुढून." त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारला. "कधीपासून?"

"जुलै."

"कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"बायकोला?"

"नाही, उम्मी. मी पेंटर आहे. दुसरं मला काय येतं?"

त्यांनी पुन्हा कॉफी ओतली, पुन्हा ओतली. चौथ्या कपाला मीच हाताने पुरे म्हणून सांगितलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "दोन कामं कर. या आठवड्यात डॉक्टरकडे जा. आणि पुढच्या शुक्रवारी सकाळी लवकर ये. पहिली इयत्ता."

डॉक्टरकडे मी गुरुवारी गेलो, बुधवारपर्यंत टाळून. रुवीतला साधा दवाखाना. तिथल्या डॉक्टरने हात पुढे करायला लावले, कागदावर गोगलगाईसारखं वेटोळं काढायला लावलं, चालायला लावलं, चार प्रश्न विचारले. मोठा आजार वाटत नाही म्हणाला. असा कंप घराण्यात असतो, कमी-जास्त होत राहतो, गोळीने ताब्यात येईल, पूर्ण जाईल असं नाही. चहा कमी करा, झोप घ्या. "घरात कुणाला होता का?"

मी नाही म्हणालो. पायऱ्या उतरताना आठवलं. वडिलांनी शेवटची चार-पाच वर्षं डोळ्यांची आखणी थोरल्या भावाकडे दिली होती. आता नीट दिसत नाही, असं ते म्हणायचे. पण पेपर ते बिनचष्म्याने वाचायचे. वर्गात उशिरा कळणाऱ्या मुलासारखा मी जिन्यात थांबलो. त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं आणि आम्ही कुणी विचारलं नव्हतं.

त्या शुक्रवारी बरक्याला बसल्या बसल्या बायकोचा व्हिडिओ कॉल आला. मी चाललो नव्हतो, खाटेवर होतो. सगळं एका दमात सांगून टाकलं. ती पलीकडे तांदूळ निवडत होती, सूप बाजूला ठेवलं.

"माका म्हायत होता," ती म्हणाली.

"कसा?"

"तुमचो फोन हलता. आधी वाटला, रेंज नसात. मगे बघितलंय, रेंज गेली तर तोंड थांबता, हलणा नाय."

"मगे इचारलंस कित्याक नाय?"

"तुमी सांगशात म्हणान वाट बघी होतंय." एवढं बोलून तिने पदर डोळ्यांना लावला आणि लगेच ओरडली, "गोळी वेळेवर घेवा! आणि तो चाय बंद करा आधी."

उम्मींनी मागून विचारलं काय म्हणाली. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "हुशार आहे. पहिली इयत्ता पास."

माझी पहिली इयत्ता चार शुक्रवार चालली. उम्मी वेलींमधून पुढे चालायच्या, भोपळ्यावर चपलेचं टोक ठेवायच्या आणि मी अक्षर सांगायचं. भोपळे आता पिवळे-केशरी झाले होते आणि खिळ्याचे ओरखडे खडबडीत, मातकट होऊन वर आले होते. माझ्या विळ्याचं नाव 'रा', हुकाचं 'ऐन', गाठीचं 'मीम'. ठिपक्यांवर त्या फार कडक होत्या. चुकलो की म्हणायच्या, "शाखा!" मी उजवीकडून वाचायला लागलो की डोळे आपोआप डाव्या टोकाकडे पळायचे. डोकं दुखायचं. बावन्नाव्या वर्षी पानांमध्ये उकिडवं बसून क-ख करताना लाजही वाटायची. पण तो तासभर मी एका जागी असायचो.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मळा उघडला. सकाळपासून गाड्या लागल्या. ओमानी कुटुंबं, मोठमोठे थर्मास घेऊन, केरळची, हैदराबादची माणसं आली होती. पोरं वेलींत धावत आपापलं अक्षर शोधत होती आणि उम्मी खुर्चीवरून ओरडत होत्या, "पानावर पाय नको!" एका बाईने खजुराखाली टोपल्या मांडल्या होत्या, एक मुलगा मातीच्या भांड्यांवर रंगकाम करून देत होता. पुण्याचं एक कुटुंब भिंतीपुढे फोटो काढत होतं. आई म्हणाली, "केवढा सुंदर आहे गं! आपण ह्याचे घारगे करू." मुलगी दहा-बारा वर्षांची, तिने विचारलं, "घारगे म्हणजे... गोड वालं ना?" आई म्हणाली, "हो, आजीकडे खाल्ले होतेस." आणि वडील भिंतीकडे बघत म्हणाले, "पाटी हाताने लिहिलीय. आता कोण करतं असं?"

मी पाच पावलांवर उभा होतो. मराठीत बोललो असतो तर त्यांनी नक्की चौकशी केली असती, गाव कुठलं, किती वर्षं. तोंडाशी आलेलं परत गेलं. का, ते मला अजून सांगता येत नाही. मी वळून विहिरीकडे गेलो, दोन फेऱ्या मारल्या आणि परत आलो तोवर ते निघून गेले होते. उम्मींनी मला एक भोपळा दिला, दोन्ही हातांत मावणार नाही एवढा. खोलीवर सोबत्याने त्याचे घारगे तळले आणि शेजारच्या दोन खोल्यांत वाटले.

गोळ्या लागू पडल्या. हात आता दुपारपर्यंत बरा असतो, संध्याकाळी हलतो. कप मी सरळ हातात धरतो. वाजला तर वाजतो. अर्बाबला मी स्वतःच सांगितलं. तो म्हणाला, बारीक काम सकाळी करत जा. घरी परत जायचं की नाही, हे ठरलेलं नाही. बायको म्हणते या, आणि मग स्वतःच म्हणते, पुढच्या वर्षी बघू.

चैन मात्र अजून नाही. फक्त बेचैनीची जागा बदलली आहे. त्या डिसेंबरात एका शुक्रवारी बरक्याहून बसने येत होतो. खिडकीशी बसलो होतो आणि रस्त्याकडेच्या पाट्या वाचत होतो. 'मीम' ओळखू आलं, पुढचं अक्षर जुळवेपर्यंत बस पुढे. दुसरी पाटी, दोन अक्षरं, गेली. तिसरी, तीन. शब्द पुरा व्हायच्या आत प्रत्येक पाटी मागे पडत होती. शेजारचा माणूस माझ्या पुटपुटण्याने वैतागला होता. सीबच्या अलीकडे एका दुकानावर पत्र्याची जुनी, हाताने लिहिलेली पाटी दिसली. माझी की दुसऱ्या कुणाची, कळेना. चार अक्षरं लागली, पाचवं खांबाआड गेलं. मी घंटी दाबली, पुढच्या थांब्यावर उतरलो आणि मागे, त्या पाटीकडे चालायला लागलो.